दात नसलेली करवत

स्त्रोम्नेस, मंगळवार

प्रिय मिर्याम,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्यामुळे हे पाकीट हातात आल्यावर तू ते उलटंसुलटं करून बघशील, की हे खरंच इल्वाचं का. माझंच आहे गं. अक्षर अजून तसंच, ओळ सुरू होते वर आणि संपते खाली. तू इथे असतीस तर तोंडानेच सांगितलं असतं, असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. मला तोंडाने काही सांगता येत नाही हे तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे? नऊ वर्षं वर्गात तूच उभी राहून म्हणायचीस, "बाई, इल्वाला असं म्हणायचंय की..." आणि मला जे म्हणायचं असायचं तेच नेमकं म्हणायचीस. तुम्ही उप्सालाला गेलात, आणि इकडे मोठ्या शाळेत त्या नवीन मास्तरांनी मला फळ्यापुढे उभं केलं. म्हणाले, आपल्या नदीवर दहा मिनिटं बोल. मी दहा मिनिटं उभी राहिले. नुसती उभी. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, नदी गोठली." सगळे हसले, मास्तरही हसले. नाताळची सुट्टी संपल्यावर मी गेलेच नाही. तुला वाटलं असेल मी तुझ्यावर रागावले म्हणून लिहीत नाही. तसं नव्हतं. शाळा सोडली हे तुला लिहायची लाज वाटत होती, एवढंच.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहून मी पाकीट बंद करीन. तुझ्या आजीची करवत मी कापली. निकेलची चकचकीत नाही, ती पंचायतीच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात आहे तशीच आहे. दुसरी. जिच्यावर तू वाजवायला शिकलीस ती. मी तिचे चार तुकडे केले. कशी कापली ते सगळं सांगते, पण कापली हे आधी वाच.

शाळा सोडल्यावर बाबांनी मला तसंच राहू दिलं. ट्रकच्या फेऱ्या चालूच होत्या त्यांच्या, लाकूड किनाऱ्याला न्यायचं आणि रिकामं परत यायचं. एक दिवस त्यांनी जुन्या गॅरेजचं कुलूप काढलं आणि म्हणाले, "घरात बसून भिंती बघण्यापेक्षा इथे बसून बघ." तिथे आजोबांच्या वेळचं ग्राइंडर होतं आणि कोपऱ्यात गंजलेल्या करवतींचा ढीग. मी एक घेतली, गंज घासला. खाली असं पोलाद निघालं की त्यात माझं नाक दिसलं. तेव्हापासून मी हेच करते. गावातली लाकूड कापायची सॉमिल बंद झाली तेव्हा मोठ्या आऱ्यांची पाती तशीच मागे टाकून गेले होते, अजून नेटलच्या खाजऱ्या झुडपांत पडलेली आहेत. गोठ्यांत, माळ्यांवर, जुन्या बाजारात, सगळीकडे करवती आहेत आणि कुणाला नकोत. जाड पात्याचं मी खुरपं करते, मधल्याच्या सुऱ्या, आणि हातकरवतीच्या पात्याच्या पट्ट्या. सुतार त्या पट्टीने लाकूड खरवडतात, रंध्याने निघत नाही ती साल कागदासारखी निघते. किनाऱ्यावरचे होडीवाले तर नवीन पट्टी घेतच नाहीत, म्हणतात जुन्या करवतीचीच दे. यात बोलावं लागत नाही. पात्यावर बोटाचं टोक मारायचं, ते किती वेळ वाजतंय ऐकायचं. दोन्ही टोकं धरून कमान करायची आणि सोडायची. सरळ झालं तर पोलाद चांगलं, वाकडं राहिलं तर पत्रा. घासताना दर चार श्वासांनी पाण्यात बुडवायचं, नाहीतर निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. एवढंच असतं. ज्यांना पाहिजे ते येतात, बाकावरून उचलतात आणि जातात.

तुझी आजी ऑक्टोबरमध्ये गेली. मी दफनाला आले होते, मागे उभी होते, तू बघितलंस का माहीत नाही. एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर तुझ्या हिल्डिंगआजोबांनी लाकडांचं खोपट आवरायला काढलं. आमच्या कुंपणावरून हाक मारून म्हणाले, "पोरी, डावीकडच्या भिंतीवर ज्या टांगल्यात त्या सगळ्या घेऊन जा. मी आता लाकडं फोडत नाही, मला विजेची शेगडी आली." आणि ते दात दाखवायला गावात गेले. मी ढकलगाडी घेऊन गेले. डावीकडच्या भिंतीवर सात होत्या. त्या घेतल्या. निघताना दार लोटलं तर दाराच्या मागच्या बाजूला, खिळ्यावर, आठवी.

तिला दात नव्हते. मला वाटलं दात झिजून गेले म्हणून आजोबांनी बर्फ खरवडायला ठेवली असेल. आमच्या बाबांनीही अशीच एक ठेवली आहे. तुझी आजी मूठ गुडघ्यांत धरून, पात्यावर व्हायोलिनसारखा गज ओढून करवत वाजवायची हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं, पण मला आपली ती निकेलचीच ठाऊक, काळ्या पेटीतली, आत लाल मखमल असलेली. प्रार्थनाघराच्या मंडळींनी दिलेली ती. आजी घरी दुसरीच वाजवते हे मला कधी कळलंच नाही, कारण आम्ही प्रार्थनाघराची माणसं नव्हतो आणि तुमच्या स्वयंपाकघरात मी बसायचे ते तोंडात बन घालून, विचारायचे काहीच नाही. पण मिर्याम, एक गोष्ट मला खटकली होती. हे मी आजोबांनाही सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगते. पात्याला राळ लागलेली होती, पिवळट, वीतभर. करवतीला पाइनचा चीक लागतोच, तो आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, टर्पेंटाइनने पुसायचा आणि पुढे जायचं. वासही तोच. पण चीक दातांच्या बाजूला लागतो. हा पाठीला होता, आणि तोही मधोमध. मी बोट लावलं आणि क्षणभर मनात आलं, हा इथे कसा? आजोबा संध्याकाळी परत येणार होते. जाऊन घंटा वाजवायची आणि विचारायचं, एवढंच होतं. खोपटापासून त्यांचं दार चाळीस पावलं आहे. पण दारात उभं राहून म्हणायचं काय, पहिला शब्द कुठला, याचा विचार करून करूनच मला घाम आला. मग मी पात्यावर बोटाचं टोक मारलं. अगं, ती वाजली. खोपट भरून वाजली, थांबेचना. इतकं चांगलं पोलाद मला कधी मिळालं नव्हतं. मी टर्पेंटाइनने ती राळ पुसली आणि त्याच दुपारी कापली. त्या राळीचा अर्थ आता कळतो. तुझी आजी गजाला लावायची ती राळ होती, इतक्या वर्षांची.

दर गुरुवारी तुझे आजोबा आमच्याकडे वाटाण्याचं सूप आणि धिरडी खायला येतात. आजी गेल्यापासून बाबांनीच तसं ठरवलंय. "एकट्यासाठी कोण वाटाणे भिजवतं," म्हणाले. त्या गुरुवारी जेवण झाल्यावर आजोबा हात पुसत गॅरेजमध्ये आले. आयुष्यभर सॉमिलमध्ये आऱ्यांना धार लावलेला माणूस, त्यामुळे ते आले की मला परीक्षेसारखं वाटतं. एकेक वस्तू उचलतात, डोळ्यासमोर धरतात. "हे खुरपं जाड ठेवलंस. बटाटे घाबरून वर येतील." "ही सुरी चांगली. मी लपवून ठेवली असती." मग त्यांनी एक पट्टी उचलली, दोन अंगठ्यांत वाकवली आणि नखाने वाजवली. आणि ते तसेच उभे राहिले. परत वाजवली, कानाजवळ नेऊन. म्हणाले, "ही कुठली?"

मी म्हटलं, "दारामागची."

ते स्टुलावर बसले. पट्टी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "मूठ कुठे आहे?" मूठ शेगडीच्या खोक्यात होती, जळणात. अजून गेली नव्हती. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि मला दाखवली, "बघ, ही हाताने झिजलेली नाही. गुडघ्यांनी झिजली आहे." लग्न ठरलं त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या करवतीचे दात कानशीने काढून ती आजीला दिली होती. सॉमिलमधले सगळे हसले होते त्यांना. म्हणाले, "जन्मभर दात लावायचं काम केलं मी. काढले एकाच करवतीचे."

मला रडू आलं. त्यावर ते काय म्हणाले असतील? "अगं, मीच म्हणालो ना, सगळ्या घेऊन जा." मी म्हटलं, "डावीकडच्या." तर म्हणाले, "तुला शाळेत पाठांतर चांगलं होतं वाटतं. सगळ्या म्हणालो मी." आणि मूठ खिशात घालून घरी गेले. पण ते डावीकडच्या म्हणाले होते. मला शब्द न् शब्द आठवतो.

चार पट्ट्यांपैकी एक तेव्हा विकली गेली होती, किनाऱ्यावरच्या एका होडीवाल्याला. मी बसने जाऊन ती परत आणली. कशी मागितली ते आठवत नाही, मला वाटतं मी नुसती बोट दाखवून रडवेली झाले आणि तो माणूस घाबरला. लोहाराकडे गेले, म्हटलं जोडता येईल का. तो म्हणाला, "जोडता येईल, पण आगीने पाणी उतरेल. दिसेल करवत आणि वाजेल टमरेल." चारही तुकडे फडक्यात बांधून माझ्याकडे आहेत. ते तुझे आहेत.

यानंतर मी रविवारी तुझ्या आजोबांकडे जायला लागले. खिडक्या पुसते, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. हो, वाचते, मोठ्याने. त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून मला ओरडून वाचावं लागतं, आणि ते डोळे मिटून बसतात त्यामुळे मला जमतं. चार वाजता तुझा फोन येतो. मे महिन्यात पहिल्यांदा तू करवतीचं विचारलंस. तुझा आवाज मला ऐकू येत नाही, आजोबांचाच येतो. "आहे गं. जागेवरच आहे. कुठे जाणार ती?" फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉफी घेतेस?" पुढच्या रविवारी पुन्हा. "ऑगस्टमध्ये? थडग्यावर दगड बसवू तेव्हा? वाजव की. आजीला आवडेल." मी हातात फडकं घेऊन उभी. तुला माहीत आहे ना, दुकानातल्या मुलीने पिशवीत एक बन जास्त घातला म्हणून हा माणूस तीन किलोमीटर परत गेला होता? तो माणूस दर रविवारी चार वाजता खोटं बोलतो, आणि माझ्यासाठी बोलतो. एकदा मी म्हटलं, "आजोबा, नका ना." तर आजीचं नाव घेऊन, वर छताकडे बोट करून म्हणाले, "एल्सीने ऐकलं असेल. पण ती काय म्हणेल सांगू? हिल्डिंग, तू अर्धा सूर खाली बोललास."

मग आम्ही दुसरी शोधायला निघालो. त्यांची ती तीनचाकी मोपेड आठवते ना, पुढे खोकं असलेली? त्या खोक्यात मी, माझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला आजीचा गज, आणि मागे हेल्मेट घातलेले तुझे आजोबा. जून आणि जुलैचा प्रत्येक शनिवार. जुन्या बाजारांत, गोठ्यांत, कुणी वारलं की त्यांच्या सामानाच्या लिलावात. करवत निवडायची मी. टोक मारायचं, कमान करायची. वाजवायची त्यांनी. पण त्यांचे गुडघे थरथरतात, पातं धरवत नाही. म्हणून मीच उलट्या खोक्यावर बसायचं, मूठ गुडघ्यांत, टोक डाव्या हातात वाकवून, आणि त्यांनी शेजारी उभं राहून गज ओढायचा. भर बाजारात! लोक जमायचे. पहिल्या करवतीतून असा आवाज आला की एक कुत्रं रडायला लागलं. विकणारी बाई मोठी तोंडाळ. म्हणाली, "आजोबा, तिने कापायचं असतं, खाजवायचं नाही!"

आजोबा म्हणाले, "कापणाऱ्या पुष्कळ आहेत, बाई. ही गाते का बघतोय."

"गात असती तर मी विकली असती का? नवऱ्याला विकलं असतं आणि हिला ठेवलं असतं."

"नवरा दाखवा, तोही वाजवून बघतो."

सगळे हसले. मला वाटलं आता जमीन फाटेल तर बरं. पण ते मला हसत नव्हते. त्या बाईने वाकून मलाच विचारलं, "पोरी, खरंच गाते का गं अशी?" तिथे तू नव्हतीस. आजोबांना ऐकू आलं नव्हतं. तेव्हा मीच म्हटलं, "चांगली असेल तर गाते." माझा आवाज मलाच परका वाटला. ती म्हणाली, "मग आमच्या गोठ्यात अजून दोन आहेत, चल." त्यातली एक आम्ही आणली.

तिचे दात मी कानशीने काढले, चार दिवस लागले, ग्राइंडर लावलं नाही. गाते ती. आजोबा म्हणतात, "जरा नाकातून गाते. एल्सीला सर्दी झाली की अशी गायची." ते एकच गाणं वाजवतात आणि तेही वरच्या सुराला पोचत नाही, कारण मला पातं हवं तसं दुहेरी, नागमोडी वाकवता येत नाही. सूर नेमका कुठे असतो ते कळत नाही, हाताखालून निसटतो. तुला येतं, आजीने तुलाच शिकवलंय. पण तू मला शिकव असं मी म्हणत नाहीये. ते मागायला मला आता तोंड नाही.

आता हे आज का लिहिते ते. दगड बसवायला तू शनिवारी येणार. काल आजोबांनी ती नवीन करवत दारामागच्या खिळ्यावर टांगली. जुनी मूठ तिला बसवली आहे, बेमालूम. म्हणाले, मिर्यामने ओळखलं नाही तर देवाची कृपा. ओळखलं तर सांगणार आहेत, की एल्सी गेल्यावर मला ती बघवेना, म्हणून मीच एक दिवस तोडली. मी नाही नाही म्हणत राहिले, तर माझा हात धरून म्हणाले, "ऐक पोरी. ती माझ्यावर रागावली तर रागावू दे. माझ्यावर रागवायला तिला किती दिवस मिळणार आहेत? तुम्हा दोघींना मात्र अजून पन्नास वर्षं एकमेकींची तोंडं बघायचीत." मी घरी आले आणि लिहायला बसले. हे त्यांना माहीत नाही. बाबा आज रात्रीची फेरी घेऊन शहरात जातायत, पत्र तिथूनच टाकतील म्हणजे तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. मिर्याम, ते जे सांगतील त्याला हो म्हण. त्यांना खोटं पाडू नकोस, त्यांनी फार मेहनतीने रचलंय, आणि त्यांना येत नाही तरी रचलंय. पण राग त्यांच्यावर काढू नकोस, तो सगळा माझ्याकडे घेऊन ये. दोनच्या बसला मी थांब्यावर उभी असेन. तुला जे बोलायचं ते बोल, जितका वेळ बोलायचं तितका वेळ. मी ऐकून घेईन, आणि तुझं झाल्यावर मी जे म्हणायला पाहिजे ते मीच म्हणेन.

तुझीच, तुला अजून तसं वाटत असेल तर,
इल्वा